लोणचं कोणत्या बरणीत?

“दिवसभर कॉम्प्युटर, आणि रात्री हौस म्हणून पुन्हा कॉम्प्युटरच?” माझ्या जाऊबाईंचा हा प्रश्न ठरलेला. मी त्यांना म्हणते, “ताई, तुम्ही रोज दोन्ही वेळचा स्वयंपाक करता, तरी सणाला हौसेनं खापरावरचे मांडे करायला बसताच ना? तसंच हे!”

मी सॉफ्टवेअर डेव्हलपर आहे. नोकरीतल्या कामाला तारीख असते, साहेब असतो. हौसेच्या कामात यातलं काहीच नसतं, म्हणून तिथं जीव रमतो. आणि हौसेला कमी लेखू नका बरं का! आज शाळा-कॉलेजात शिकवली जाणारी पायथॉन ही भाषा गिदो व्हान रॉसम यांनी १९८९च्या नाताळच्या सुट्टीत हौस म्हणून लिहायला घेतली. लिनक्सची सुरुवात १९९१मध्ये फिनलंडमधल्या एका एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याच्या छंदातून झाली. आपल्या हातातले अँड्रॉइड फोन आज त्याच लिनक्सच्या पायावर उभे आहेत.

माझी हौस मात्र घरगुती आहे. माझं सासर जळगावचं, माहेर धुळ्याचं. आमच्या खानदेशात आखाजीला माहेरवाशिणी येतात, झोके बांधतात आणि गौराईची गाणी म्हणतात. श्रावणात कानबाई बसते, तिची गाणी वेगळी. माझ्या आईला ही गाणी तोंडपाठ आहेत, सगळी अहिराणीत. पूर्वी तिच्या सोबतीला मावश्या, आत्या, शेजारणी असायच्या. आता सोबतीला एकच मावशी उरली आहे, आणि आईलाही गाता गाता दम लागतो. “आते कोन म्हनस वं माय?” असं ती सहज म्हणते, पण ते माझ्या काळजात रुतून बसतं.

म्हणून मी ठरवलं, ही गाणी जमवायची. आवाज, शब्द, अर्थ, कोणत्या गावात कसं म्हणतात, सगळं. एरंडोल-पारोळ्यावरून धुळ्याला जाणारी एसटी महिन्यातून एकदा तरी पकडायचीच.

आता प्रश्न आला तो हे सगळं ठेवायचं कशात याचा. आमच्या क्षेत्रात रोज काहीतरी नवं निघतं. साडीच्या दुकानात जसा नव्या पॅटर्नचा मोह होतो, तसाच आम्हाला नव्या तंत्रज्ञानाचा होतो. हौसेचं काम म्हणजे तर नवं शिकायची हक्काची संधी! पण मी स्वतःला एक प्रश्न विचारला. लोणचं आपण कशात घालतो? नवा नॉनस्टिक तवा आणला तर त्यावर धिरडं करून बघतो, जमलं तर जमलं. वर्षभराचं लोणचं मात्र आजीच्या चिनी मातीच्या बरणीतच जातं. ती बरणी टिकते हे आपल्याला माहीत असतं.

सॉफ्टवेअरच्या दुनियेतही बरण्या फुटतात. ऑर्कुट आठवतंय? किती मराठी मंडळी तिथं भरभरून लिहायची. ३० सप्टेंबर २०१४ला ते बंद झालं. फ्लॅशमध्ये कितीतरी जणांनी खेळ आणि चित्रफिती बनवल्या. २०२०च्या अखेरीस फ्लॅशही निवृत्त झालं. आपल्या रोजच्या वापरातलं उदाहरण सांगू? पूर्वी डीटीपीवाल्याकडे टाइप केलेली लग्नपत्रिका घरच्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची. कारण त्या जुन्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षर बसवलेलं असायचं. फाँट नाही, तर मजकूर नाही!

युनिकोडनं ही अडचण दूर केली. त्यात प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. आपल्या ‘क’चा क्रमांक २३२५. फाँट बदला, फोन बदला, क हा कच राहतो. देवनागरी त्यात १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे.

म्हणून माझी निवड साधी आहे. गाण्यांचे शब्द युनिकोडमधल्या साध्या मजकुराच्या फाइलीत. यादी ठेवायला एसक्यूलाइट नावाचं छोटंसं कपाट. ते २०००मध्ये रिचर्ड हिप यांनी तयार केलं. आज ते जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनमध्ये असतं आणि २०५०पर्यंत सांभाळायचा त्याच्या कर्त्यांचा इरादा आहे. नव्या तंत्रज्ञानाशी मी खेळते, नाही असं नाही. बोललेलं ऐकून आपोआप लिहून देणारं यंत्र वापरून पाहिलं. मराठी त्याला बरी जमते, पण ‘आंडेर’ म्हणजे मुलगी आणि ‘आंडोर’ म्हणजे मुलगा म्हटलं की ते गोंधळतं! गंमत म्हणून ठीक आहे. उद्या ते बंद पडलं तरी गाणी जागच्या जागी राहतील, एवढी काळजी मी घेते.

बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी लिहून ठेवल्या. १९५१मध्ये बहिणाबाई गेल्या आणि १९५२मध्ये त्या ओव्या पुस्तकरूपानं महाराष्ट्रासमोर आल्या. त्यासाठी कोणतं तंत्रज्ञान लागलं? कागद, शाई आणि ‘हे जपायला हवं’ असं वाटणारं घरातलं कुणीतरी. माझ्या मते यातली तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची!

मैत्रिणींनो, यासाठी डेव्हलपर असण्याची गरज नाही. तुमच्या फोनमध्ये आवाज रेकॉर्ड करायची सोय आहेच. आई, सासूबाई, आजी यांना बोलतं करा. फाइलीला ‘ऑडिओ १२’ असं नाव न ठेवता गाणं, गाव आणि वर्ष लिहा. एक प्रत फोनमध्ये, एक पेनड्राइव्हवर, एक बहिणीच्या घरी. आणि शब्द एखाद्या जाड वहीत ठसठशीत अक्षरात उतरवून ठेवा. फोन दोन-चार वर्षांनी बदलेल. वही तुमची आंडेर उघडेल, आणि तिला चार्जर शोधावा लागणार नाही.