कोरड्या गावातला पूर

खानदेशातल्या आपल्या घरांत पाणी साठवायची सोय आधी होते. हंडे, पिंप, गच्चीवरची टाकी. आलेले पाणी घराबाहेर कसे जाईल, हे बांधकामाच्या वेळी फारसे कोणी विचारत नाही. आम्हीही धुळ्याचे घर बांधताना विचारले नव्हते.

अब्बांच्या काळी घर धाब्याचे होते. पावसाळ्याआधी छतावर खाऱ्या मातीचा नवा थर चढायचा, त्याला उतार असायचा आणि पन्हाळ भिंतीपासून हातभर पुढे काढलेला. भिंत मातीची, पाणी अंगावर ओघळले तर ती बसणार, हे लहान पोरांनाही ठाऊक. पुढे स्लॅब पडला, तीन फुटी कठडा आला आणि मिस्त्रींनी अडीच इंची एकच पाइप ठेवला. ‘धुळ्यात पाऊस पडतोच किती?’ असे ते म्हणाले. आम्ही मान डोलावली.

पाइपचा हिशोब मात्र वर्षाच्या पावसावर होत नाही, तासाच्या पावसावर होतो. आठवीच्या मुलांकडून आम्ही हे गणित करून घेतो: हजार चौरस फूट छतावर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे 9,300 लिटर पाणी होते, म्हणजे जवळजवळ एक मोठा टँकर. चार इंची उभा पाइप तासाला 50 मिलिमीटर पावसात साधारण 85 चौरस मीटर छत सांभाळतो. पाऊस दुप्पट झाला की छत निम्मेच.

आमचे भाईजान नोव्हेंबर 2009 मध्ये जेद्दाहला होते. ऐन हजच्या दिवसांत, 25 तारखेला, चार तासांत सुमारे 90 मिलिमीटर पाऊस झाला आणि शंभराहून अधिक माणसे गेली. एरवी कोरड्या असणाऱ्या वाद्यांच्या वाटेवर वस्त्या उठल्या होत्या. आपल्याकडे त्यालाच नाला म्हणतात, आणि त्यावरही प्लॉट पडतात. 31 ऑगस्ट 2021 ला चाळीसगावात तितूर आणि डोंगरी या नद्या बाजारपेठेत शिरल्या, तेव्हा भाईजानांचा फोन आला, “तुझा ओटा रस्त्यापासून किती उंच आहे?”

मोजला, तर उंच नव्हताच. दोन पायऱ्यांचा ओटा होता. दर काही वर्षांनी रस्त्यावर काँक्रीटचा नवा थर पडत गेला आणि दोन्ही पायऱ्या गेल्या. तरी आम्ही वर्षभर गप्प बसलो. मग एका रात्री दारातून पाणी आले, त्याहून आधी संडासाच्या भांड्यातून उलटे वर आले. पलंगाखालच्या ट्रंकेत मुलीची गुणपत्रके होती. प्रवेशाचे दिवस. दुय्यम प्रतींसाठी किती फेऱ्या मारल्या, ते सांगत बसत नाही.

आता गच्चीला दहा फुटांना सव्वा इंच उतार दिला आहे. चार इंची दोन पाइप, त्यांच्या तोंडावर जाळी, आणि पाइप तुंबलाच तर पाणी जावे म्हणून कठड्याला खाली भोक. छताचे पाणी मैल्याच्या चेंबरमध्ये सोडलेले नाही, गाळणीतून बोअरजवळच्या खड्ड्यात सोडले आहे. चेंबरला उलटे पाणी अडवणारी झडप बसवली. घराभोवती तीन फूट फरशी, बाहेरच्या बाजूला उतरती, कारण आपली काळी माती भिजली की फुगते, सुकली की आकसते आणि भिंतीला तडे देते.

जोते काही उचलता आले नाही. दाराशी नऊ इंची उंबरा घातला. अम्मींचे गुडघे दुखतात, त्यांनी दोन दिवस अबोला धरला. मग आतून-बाहेरून उतार करून दिला. ट्रंक माळ्यावर गेली आहे.