फुटल्यानंतरची काच



मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने गुरुजींच्या स्मृतिदिनी काचेवर बोलावे, याचे आपणांपैकी अनेकांना नवल वाटले असेल. हा विषय मी शोधला नाही. तो माझ्या दारी चालत आला. आपल्या सीमाभागातील एका तालुक्याच्या गावी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची सराफी पेढी आहे. काही वर्षांपूर्वी मृगाच्या आरंभी एका रात्री ती फुटली. चोरट्यांनी शटर खालून उचकटले आणि आतल्या काचेच्या दारावर कसलीशी टोकदार वस्तू मारली. एका टोल्यात सबंध दार मिठाच्या खड्यांसारखे खाली आले. विक्रीचा माल तिजोरीत होता, तो वाचला. परंतु पेरणीसाठी पैसे हवेत म्हणून त्याच संध्याकाळी काही कुटुंबांनी गहाण टाकलेले दागिने उद्या नोंदवू म्हणून काउंटरच्या खणातच राहिले होते. ते गेले. दुसऱ्या दिवशी त्या घरच्या बायका पेढीच्या पायरीवर येऊन नुसत्या बसून राहिल्या.

तो मला म्हणाला, "सर, काच टफन होती म्हणून जादा पैसे मोजले. साध्या काचेच्या चौपट-पाचपट मजबूत म्हणून सांगितलं होतं. मग एका दणक्यात गेली कशी?"

मला उत्तर देता आले नाही. गुरुजी असते तर त्यांनी फळ्यावर आकृती काढून दाखवली असती. तेव्हापासून मी जे वाचले, विचारले आणि समजून घेतले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

आमच्या पिढीची काचेशी ओळख कंदिलाने झाली. १९०८ साली लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगल्यांचा कारखाना निघाला आणि त्यांचा 'प्रभाकर' कंदील मराठी घरांत सर्वपरिचित झाला. कंदिलाची काच राखेने पुसणे हे आम्हां मुलांचे संध्याकाळचे काम. तापलेल्या काचेवर पाण्याचा एक थेंब उडाला की टच्‌कन आवाज होई आणि काचेला तडा जाई. मागोमाग आमच्या पाठीत धपाटा बसे. काचेला तडा का जातो, हे त्या वयात कोणी सांगितले नाही. कारण असे की, थेंब पडतो तेवढीच जागा एकाएकी थंड होऊन आकसू पाहते आणि भोवतालची तापलेली काच तिला आकसू देत नाही. त्या ओढाताणीत काच फाटते. काच दाब पुष्कळ सोसते. ताण मात्र तिला सोसवत नाही.

गंमत अशी की, ज्या आकस्मिक थंडीने कंदिलाची काच तडकत असे, तिचाच उपयोग करून टफन काच बनवतात. काचेचा तक्ता सहाशे अंशांहून अधिक तापवून दोन्ही अंगांनी थंड हवेचे झोत एकसारखे सोडतात. पृष्ठभाग आधी घट्ट होतो, गाभा मागाहून आकसतो आणि आकसताना पृष्ठभागाला आत दाबून धरतो. अशा रीतीने काचेचे पृष्ठ सदैव दाबाखाली राहते. म्हणून ती वारा, धक्का, उष्णता साध्या काचेपेक्षा कितीतरी अधिक सोसते. पण त्या पृष्ठाच्या आत कोंडलेला ताण असतोच. कठीण टोकदार वस्तूने दाबाचा तो थर एका जागी जरी भेदला, तरी कोंडलेली शक्ती सगळीकडून एकदम मोकळी होते आणि तक्त्याचे बारीक खडे होतात. माणसाला सुऱ्यासारख्या धारदार तुकड्यांनी इजा होऊ नये, हा या काचेचा उद्देश. तो ती उत्तम पार पाडते. चोराच्या दृष्टीने मात्र ती फार सोयीची आहे, कारण एका टोल्यात, अंगाला न कापता, दार उघडून मिळते. माझ्या विद्यार्थ्याला मिळालेली माहिती खोटी नव्हती. ती दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर होती.

चोराला अडवणारी काच निराळी. तिचा जन्म एका अपघातात झाला, असे सांगतात. एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनज्ञाच्या प्रयोगशाळेत १९०३ साली काचेचा एक चंबू उंचावरून पडला. तो फुटला, पण विखुरला नाही. तुकडे जागच्या जागी राहिले. आत पूर्वी ठेवलेले सेल्युलोज नायट्रेटचे द्रावण सुकून त्याचा पातळ पापुद्रा काचेला चिकटला होता. पुढे मोटारींच्या अपघातांत काचांनी माणसे कापली जातात हे वाचून त्याला त्या चंबूची आठवण झाली आणि १९०९ साली त्याने दोन काचांमध्ये असा पापुद्रा घालण्याचे पेटंट घेतले. पहिल्या महायुद्धात विषारी वायूच्या मुखवट्यांना ही काच लागली. जुना पापुद्रा उन्हाने पिवळा पडे. १९३० नंतरच्या दशकात त्याची जागा पॉलिव्हिनाइल ब्युटिरल या लवचिक, पारदर्शक पदार्थाने घेतली. मोटारीच्या समोरच्या काचेत आज तोच असतो. दगड लागला तर तिच्यावर कोळ्याचे जाळे उमटते, पण काच चौकटीत उभी राहते, हे आपण पाहिलेच आहे. व्यवहारात तिला 'लॅमिनेटेड' म्हणतात. दोन तक्त्यांमध्ये हा पापुद्रा ठेवून प्रचंड प्रेशर कुकरसारख्या पात्रात सुमारे १४० अंश उष्णता आणि हवेच्या दाबाच्या बारा-तेरापट दाब दिला की तिन्ही थर एकजीव होतात.

एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. ही काच फुटते, आणि पहिल्याच घावाला फुटते. तिचे काम फुटल्यानंतर सुरू होते. घाव घालणाऱ्याला आता काच नव्हे, तो चिवट पापुद्रा फाडावा लागतो, आणि दोन्ही बाजूंना चिकटलेले तुकडे ते काम आणखी अवघड करतात. युरोपात हिची परीक्षा ठरलेली आहे. चार किलोंहून थोडा अधिक वजनाचा पोलादी गोळा दीड मीटरपासून नऊ मीटरपर्यंतच्या उंचीवरून टाकतात. वरच्या श्रेणींसाठी तर कुऱ्हाडच चालवतात. चाळीस सेंटिमीटर लांबी-रुंदीचे भोक पाडायला तीसहून अधिक घाव लागले तर एक श्रेणी, पन्नासहून अधिक लागले तर वरची, सत्तरहून अधिक लागले तर सर्वांत वरची. ही काच अभेद्य आहे असे त्या परीक्षेत कोठेही म्हटलेले नाही. भेद व्हायला किती घाव लागतात, एवढेच ती मोजते. दुकानदाराने काच म्हणून विकत घ्यायचा असतो तो वेळ.

हे तत्त्व समजायला युरोपात जाण्याची गरज नाही. बहमनी राजधानी गुलबर्ग्याहून, म्हणजे आताच्या कलबुर्गीहून, बीदरला आणणाऱ्या अहमदशहाचा किल्ला आपल्या उशालाच आहे. त्याच्या एका अंगाला तिहेरी खंदक आहे. जांभ्या खडकात खोदताना मध्ये खडकाच्याच दोन भिंती राखल्या आहेत. शाळेच्या सहलीला आपण सारे तेथे गेलो आहोत आणि 'एक खंदक पुरला नसता का?' हा प्रश्न दर वर्षी कोणीतरी विचारतोच. एक खंदक भरता येतो. तीन खंदक आणि दोन भिंती ओलांडताना शत्रू वारंवार उघड्यावर थबकतो आणि तेवढ्या वेळात तटावरचा माणूस त्याला टिपतो. म्हणजे खंदकाची सारी किंमत तटावरच्या माणसावर अवलंबून. १६५७ साली औरंगजेबाने वेढा घातला तेव्हा वृद्ध किल्लेदार सिद्दी मर्जान याने सत्तावीस दिवस झुंज दिली. शेवटी दारूच्या साठ्याचा स्फोट झाला, मर्जान प्राणांतिक भाजला आणि किल्ला पडला.

याची आठवण करून देणाऱ्या दोन घटना अलीकडच्या आहेत. १६ जानेवारी २०२५ रोजी बीदर शहरात भर दिवसा, एटीएममध्ये भरायची रोकड बँकेसमोर गाडीत चढवली जात असताना, मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी गोळीबार करून ती लुटली. एका कर्मचाऱ्याचा जीव गेला. धन काचेआड आणि पोलादाआड असते तेव्हा सुरक्षित असते. ते हलवण्याच्या क्षणाला काच नसते. दुसरी घटना पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयातली, १९ ऑक्टोबर २०२५ ची. चोर शिडीच्या गाडीने वर चढून खिडकीवाटे आत शिरले आणि फिरत्या पात्याच्या कटरने राजदागिन्यांच्या पेट्या कापून सात-आठ मिनिटांत पसार झाले. एक मुकुट त्यांच्या हातून बाहेर पडला, तोही मोडलेला. काचेने मिनिटे दिली. त्या मिनिटांत कोणी पोहोचले नाही.

आता व्यवहाराचे थोडे. काचेइतकीच चौकट महत्त्वाची. काच धरून ठेवणारी पट्टी बाहेरून स्क्रूने बसवलेली असेल तर चोर काच फोडत बसणार नाही. तो पट्टीच काढील. चौकटीच्या खाचेत काच पुरेशी खोल बसलेली हवी. नाहीतर फुटलेली काच गोधडीसारखी दुमडून अख्खी बाहेर येते. मधला पापुद्रा उष्णतेने मऊ होतो. आपल्याकडच्या वैशाखात पश्चिमेला तोंड असलेल्या दुकानाने तो अधिक जाड घ्यावा. कडेला ओल लागू दिली तर थर सुटून तेथे पांढरट डाग पडतात. आणि जी काच चोराला आत येऊ देत नाही, ती आगीच्या वेळी आतल्या माणसालाही बाहेर जाऊ देत नाही. म्हणून आतून किल्लीवाचून उघडणारी एक वाट ठेवलीच पाहिजे. याकडे फार दुर्लक्ष होते, हे मी मुद्दाम सांगतो.

जाता जाता एक सांगावेसे वाटते, कारण शेवटी मी भाषेचाच माणूस. खिडकीच्या काचेला आपण 'तावदान' म्हणतो, तो शब्द फारसीतून आला. फारसीत 'ताब' म्हणजे उजेड. उजेड आत घ्यायचा आणि माणूस बाहेर ठेवायचा, हे दुसरे काम तावदानावर आपण नव्याने लादले. आमच्या लहानपणी सराफाचे दुकान रात्री लाकडी फळ्यांनी बंद होई आणि आत त्याच्या घरचे कोणीतरी झोपलेले असे.

माझ्या विद्यार्थ्याने त्या कुटुंबांना दागिन्यांची भरपाई दिली. त्यासाठी शेताचा एक तुकडा विकला. दाराला आता सहा-सहा मिलिमीटरच्या दोन काचा आणि मध्ये दीड मिलिमीटरचा पापुद्रा आहे. शटर हलले की त्याच्या आणि शेजारच्या दोन घरांत घंटा वाजते. गहाण आलेला दागिना नोंद होऊन तिजोरीत गेल्याखेरीज पेढी बंद होत नाही. गेल्या दिवाळीत मी त्याच्याकडे गेलो होतो, तेव्हा त्याने मला हातात घड्याळ धरून पोलीस ठाण्यापासून पेढीपर्यंत चालायला लावले. भरभर चालून मला अकरा मिनिटे लागली. जीपला चार लागतात, असे त्याने स्वतः मोजून ठेवले आहे.