घोड्याच्या पायाखालची जमीन

१९८४ साली मी लोअर परळमधल्या एका बँकेच्या शाखेत नुकताच ऑफिसर झालो होतो. आमचे हेडकॅशियर माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. नोटा मोजताना त्यांची कधी एका रुपयाची चूक होत नसे, पण रविवार उजाडला की त्यांची पावलं महालक्ष्मीच्या रेसकोर्सकडे वळत. मार्च महिन्यातल्या एका रविवारी ते मलाही बरोबर घेऊन गेले. ''साहेब, ह्या घोडीवर दहा रुपये लावा. फार गुणी आहे,'' असं म्हणून त्यांनीच मला तिकीट काढून दिलं.

शेवटच्या वळणापर्यंत घोडी पुढे होती. मग ती एकदम खाली बसल्यासारखी झाली. जॉकी बाजूला फेकला गेला. घोडी उठली खरी, पण तिचा पुढचा पाय नको तिथे वाकला होता. चार माणसं हिरव्या कापडाचे पडदे घेऊन धावत आली आणि त्यांनी तिला आमच्या नजरेआड केलं. पडदे उचलले गेले तेव्हा तिथे नुसतं गवत होतं, आणि लाउडस्पीकरवर पुढच्या शर्यतीची घोषणा सुरू झाली होती. हेडकॅशियर बराच वेळ गप्प होते. मग एवढंच म्हणाले, ''जमीन फार कडक झालीय हो.''

त्या वाक्यामुळे मला एक खोड लागली. शर्यतीच्या बातमीत लोक घोड्याचं नाव शोधतात, मी त्याच्या पायाखाली काय होतं ते शोधतो.

जातिवंत थरोब्रेड घोडा म्हणजे साडेचारशे-पाचशे किलोंचा देह आणि त्याखाली आपल्या मनगटाएवढ्या जाडीचे पाय. भरधाव पळताना एक क्षण असा येतो की तो सगळा देह एकाच पायावर तोललेला असतो, आणि त्या पायावर वजनाच्या दुपटीहून अधिक भार पडतो. म्हणून जमिनीला एवढं महत्त्व. आपल्याकडे महालक्ष्मी आणि पुण्यात गवतावर शर्यती होतात, कारण ही पद्धत आपण इंग्रजांकडून घेतली. अमेरिकेची परंपरा मातीची. १८७५ साली सुरू झालेली प्रसिद्ध केंटकी डर्बी आजही मातीवरच पळवली जाते.

माती आणि गवत यांखेरीज तिसरा प्रकार म्हणजे सिंथेटिक ट्रॅक. त्यात बारीक वाळू, कृत्रिम धागे आणि रबराचे तुकडे मिसळून त्यावर मेणाचा लेप चढवतात. खाली खडीचा थर आणि पाणी वाहून नेणारे पाइप असतात. पाऊस पडला तरी चिखल होत नाही आणि खूर रुतला तर घसरत नाही.

इंग्लंडमध्ये असा ट्रॅक प्रथम १९८९ साली लिंगफिल्ड इथे शर्यतींसाठी वापरला गेला. कारण होतं हिवाळ्याचं. बर्फ पडला, जमीन गोठली की शर्यती रद्द होत आणि बुकींच्या दुकानांत शुकशुकाट पसरे. बँकवाल्याच्या भाषेत सांगायचं तर गल्ला रिकामा राहू नये म्हणून हा ट्रॅक आला. पुढे २००१ मध्ये लिंगफिल्डलाच 'पॉलिट्रॅक' नावाचा सुधारित प्रकार बसवला गेला. 'टापेटा' नावाचा दुसरा प्रकार मायकल डिकिन्सन या ट्रेनरने तयार केला. टापेटा म्हणजे लॅटिन भाषेत गालिचा. नाव देणाऱ्याच्या मनात काय होतं, हे त्यावरूनच कळावं.

अमेरिकेत मात्र हा ट्रॅक आला तो घोड्यांच्या मृत्यूंमुळे. कॅलिफोर्नियातल्या नियामक मंडळाने २००६ साली फर्मान काढलं, की राज्यातल्या मोठ्या रेसकोर्सनी २००७ अखेरपर्यंत सिंथेटिक ट्रॅक बसवलाच पाहिजे. त्याच वर्षी केंटकी डर्बी जिंकलेल्या बार्बारो या घोड्याचा पाय दोन आठवड्यांनी प्रीकनेस शर्यतीत मोडला. आठ महिने उपचार झाले, साऱ्या देशाने त्याच्या तब्येतीच्या बातम्या वाचल्या, आणि जानेवारी २००७ मध्ये त्याला शांतपणे मरण द्यावं लागलं. अशा वातावरणात हॉलिवुड पार्क, सांता अनिता, डेल मार, गोल्डन गेट फील्ड्स अशा चारही ठिकाणची माती उचलली गेली. केंटकीत कीनलँडनेही पॉलिट्रॅक घातला.

परिणाम काय झाला? अमेरिकेच्या जॉकी क्लबने २००९ पासून दुखापतींची रीतसर नोंद ठेवली आहे. सुरुवातीच्या वर्षांत मातीवर दर १,००० धावांमागे साधारण दोन घोडे जिवाला मुकत होते आणि सिंथेटिकवर साधारण सव्वा. आमच्या बँकेत थकीत कर्जाचं प्रमाण एवढं घटलं असतं, तर मॅनेजरला बढती मिळाली असती. इथे मात्र उलटंच घडलं.

तक्रारी सुरू झाल्या. काही खऱ्याही होत्या. सांता अनिताच्या नव्या ट्रॅकमधून पाणीच निचरेना. २००८ च्या जानेवारीत पावसामुळे शर्यतींचे दिवस बुडाले. जो ट्रॅक पावसाला दाद देणार नाही म्हणून आणला, तोच पावसापुढे हरला. उन्हाने मेण मऊ होऊन सकाळचा ट्रॅक दुपारी वेगळाच वागतो, असं ट्रेनर सांगू लागले. मागच्या पायांची आणि स्नायूंची दुखणी वाढली, असंही अनेकांचं म्हणणं होतं.

पण खरी कुरकुर होती पैज लावणाऱ्यांची. मातीवर जो घोडा सुरुवातीलाच पुढे निघतो त्याला फायदा मिळतो, कारण मागच्यांच्या तोंडावर मातीचा मारा होतो. सिंथेटिकवर असा मारा कमी होतो आणि मागून येणाऱ्याला संधी मिळते. गवतावर पळणारे घोडे इथे चांगले पळू लागले. वर्षानुवर्षं वह्या भरून ठेवलेल्या जाणकारांचा हिशेब कोसळला. २००८ साली सांता अनिताला ब्रीडर्स कप क्लासिक शर्यत झाली. आधल्या वर्षीचा विजेता कर्लिन चौथा आला आणि युरोपातून आलेला रेव्हन्स पास जिंकला. कर्लिनच्या मालकांनी पुढच्या वर्षी आपली नामांकित घोडी रेचल अलेक्झांड्रा तिथे उतरवलीच नाही. त्या वर्षीची शर्यत झेन्याटा या घोडीने जिंकली. सलग १९ शर्यती जिंकलेली ही घोडी, पण 'ती प्लॅस्टिकवरची राणी' म्हणणारे निघालेच. २०१० मध्ये चर्चिल डाउन्सच्या मातीवर ती हरली, तीही केवळ मुंडक्याच्या अंतराने.

याच्याही मागे होता पैदाशीचा व्यवहार, आणि माझ्या मते हीच खरी गोम. विजेत्या घोड्याचं खरं उत्पन्न शर्यतीत नसतं, तबेल्यात असतं. टापिट या प्रसिद्ध घोड्यासाठी एके काळी एका शिंगरामागे ३ लाख डॉलर मोजले जात. गंमत पाहा, थरोब्रेडच्या जगात कृत्रिम रेतनाला सक्त मनाई आहे. ट्रॅक कृत्रिम चालेल की नाही यावर वाद, पण वंश मात्र नैसर्गिकच हवा. पिढ्यानपिढ्या मातीवरच्या वेगासाठी जोपासलेल्या या वंशांची किंमत मातीवरच ठरते. सिंथेटिक ट्रॅक कायमचा झाला असता, तर किती घराण्यांच्या ठेवींचं व्याज एका रात्रीत घटलं असतं! कीनलँड हे रेसकोर्सही आहे आणि घोड्यांच्या लिलावाची जगप्रसिद्ध पेठही. त्यांची ब्लू ग्रास स्टेक्स ही डर्बीची रंगीत तालीम मानली जाई. पॉलिट्रॅकवर ती जिंकणाऱ्या एकाही घोड्याने पुढे डर्बी जिंकली नाही, आणि मोठे मालक तिकडे पाठ फिरवू लागले.

मग माती परतली. सांता अनिताला २०१० मध्ये, कीनलँड आणि दुबईच्या मेदानला २०१४ मध्ये, डेल मारला २०१५ मध्ये. एकेका ट्रॅकवर ओतलेले कोटीभर डॉलर उखडले गेले. २०१८ च्या डिसेंबरपासून २०१९ च्या जूनपर्यंत सांता अनितात तीसच्या आसपास घोडे मेले आणि जगभर बोंब झाली. २०२३ मध्ये डर्बीच्या सुमारास चर्चिल डाउन्सला १२ घोडे दगावले, तेव्हा शर्यती दुसरीकडे हलवाव्या लागल्या.

सगळा दोष मातीला देणंही अन्यायाचं होईल. औषधांवर निर्बंध आले, शर्यतीपूर्वीची तपासणी कडक झाली, मातीचीही निगा सुधारली. त्यामुळे २००९ मध्ये सर्व ट्रॅक मिळून दर १,००० धावांमागे २ मृत्यू होत, ते २०२३ पर्यंत १.३२ वर आले. गालिचा अंथरला म्हणजे काम संपलं असं नाही. पण गुंडाळून ठेवलेल्या गालिच्याची आठवण लोकांना पुन्हा होते आहे. फ्लोरिडाच्या गल्फस्ट्रीम पार्कने २०२१ मध्ये टापेटाचा ट्रॅक घातला. आणि २०२२ ची केंटकी डर्बी जिंकली रिच स्ट्राइकने, जो त्याआधी टर्फवेच्या सिंथेटिकवर तिसरा आला होता. त्याचा भाव होता एकास ऐंशी. वह्या भरून ठेवणाऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नव्हतं.

आमचे हेडकॅशियर हे सारं ऐकायला आता नाहीत. त्या रविवारी घरी परतताना त्यांनी मला लोकलमध्ये विचारलं होतं, ''तिकीट फेकलंत का?'' मी नाही म्हणालो. ते तिकीट पुढे बरेच दिवस माझ्या पाकिटात होतं, मग कधीतरी हरवलं. आज हा लेख लिहिताना त्या घोडीचं नाव आठवायचा खूप प्रयत्न केला. ते काही आठवलं नाही. लावलेले दहा रुपये मात्र लख्ख आठवतात.