रंग कणाचा, किंमत कोणाची?

पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक हे विनोबा भावे यांचे जन्मगाव. ११ सप्टेंबर १८९५ रोजी जन्मलेल्या विनोबांनी विज्ञानाला कधी विरोध केला नाही; त्याला आत्मज्ञानाची जोड हवी, एवढाच त्यांचा आग्रह होता. याच तालुक्यातील पेण शहर गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. तेथील कारागिराला पीतांबर पिवळे आणि शेला तांबडा करावयाचा तर दोन निराळे रंग घ्यावे लागतात. पदार्थ तोच ठेवून केवळ कणाचे आकारमान बदलले की रंग बदलतो, असे सांगितल्यास त्याला ती थट्टाच वाटेल. अर्धवाहकांच्या अतिसूक्ष्म स्फटिकांत मात्र नेमके हेच घडते.

हे स्फटिक अवघ्या काही नॅनोमीटरचे असतात. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. अर्धवाहकातील इलेक्ट्रॉन मोकळा होण्यास ठरावीक ऊर्जा लागते. स्फटिक फार लहान झाला की इलेक्ट्रॉन कोंडला जातो आणि ही ऊर्जा वाढते. म्हणून अतिनील किरणांखाली कॅडमियम सेलेनाइडचे सुमारे दोन नॅनोमीटरचे कण निळसर, तर सहा नॅनोमीटरचे तांबडे प्रकाशतात. सोव्हिएत संघात अलेक्सी एकिमोव्ह यांनी काचेत आणि अमेरिकेत लुई ब्रुस यांनी द्रावणात, १९८०च्या दशकाच्या आरंभी, आकारमानाचा हा प्रभाव दाखविला. तापलेल्या द्रावकात रसायने एकदम सोडून एकसारख्या मापाचे स्फटिक वाढविण्याची रीत मौंगी बावेंडी यांनी १९९३ मध्ये सिद्ध केली. २०२३चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळाले.

महाराष्ट्रही या क्षेत्रात मागे नव्हता. पुणे विद्यापीठात डॉ. सुलभा कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी झिंक सल्फाइड व कॅडमियम सल्फाइडचे कण रासायनिक आवरण देऊन तयार केले. पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री यांच्या गटाने २००२ मध्ये एका बुरशीकडून कॅडमियम सल्फाइडचे कण घडवून घेतले. प्रखर उष्णतेवाचूनही काम होते, हे त्यातून दिसले.

परंतु रीत सौम्य झाली तरी कॅडमियम ते कॅडमियमच. ते मूत्रपिंडे व हाडे पोखरते. जपानमध्ये जिंझू नदीकाठच्या लोकांना झालेला ‘इताई-इताई’ हा आजार १९६८ मध्ये प्रदूषणजन्य म्हणून सरकारला मान्य करावा लागला. विद्युत उपकरणांतील कॅडमियमवर युरोपीय संघाप्रमाणे भारतानेही ०.०१ टक्क्याची मर्यादा घातली आहे. अशा निर्बंधांमुळे कारखानदारांचे लक्ष इंडियम फॉस्फाइडकडे वळले. तथापि ही मर्यादा विकल्या जाणाऱ्या वस्तूची आहे. ती बनविताना उरलेल्या द्रावणाचा प्रश्न निराळाच राहतो.

अर्थशास्त्र या प्रश्नाला बाह्य खर्च म्हणते. तेजस्वी पडद्याचे सुख शहरातील ग्राहकाला, नफा उत्पादकाला. सांडपाण्याचा भार मात्र ज्याने तो पडदा कधी पाहिलाही नाही अशा शेतकऱ्याला व कोळ्याला. रोह्याजवळील धाटाव औद्योगिक वसाहतीमुळे रायगडला रासायनिक कारखान्यांचा शेजार नवा नाही. उद्या हा उद्योग अशा परिसरात आला तर त्याचे स्वागतच व्हावे. मात्र परवान्याआधी विषारी अवशेष परत मिळविण्याचा खर्च उत्पादनखर्चात धरला गेला पाहिजे. त्यामुळे कॅडमियमचा माल महाग ठरला, तर निर्विष पर्यायाच्या संशोधनाला बाजारच चालना देईल. तो खर्च वगळून ठरलेली किंमत स्वस्त नसते. तिचा उरलेला हिस्सा दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर मांडलेला असतो.