वेडेपणा चालेल, रडीचा डाव नाही

पार्ल्याच्या पूर्वेला, हनुमान रोडच्या आसपासच्या जुन्या इमारतींच्या आवारात जे क्रिकेट खेळले, त्यांना तिथले नियम आजही तोंडपाठ असतील. एक टप्पा, एक हात आउट. चेंडू तळमजल्यावरच्या खिडकीतून आत गेला की आउट, आणि काकूंची बोलणी खाऊन तो परत आणायचा तोही मारणाऱ्यानेच. लिंबूटिंबूला पहिल्या चेंडूवर आउट द्यायचं नाही. विकेट म्हणून उलटी बादली असायची आणि निम्म्यांना धड बॅटही धरता यायची नाही, पण ‘लागला की नाही लागला’ यावरून तासभर भांडण चाले आणि ते कुणालाच फालतू वाटत नसे.

जाणूनबुजून वेडगळ रचलेले खेळाचे विनोदी चित्रपट आपल्याला का भावतात, याचं उत्तर मला या भांडणात दिसतं. या चित्रपटांची गोष्ट ठरलेली. एक गबाळा संघ, समोर बलदंड प्रतिस्पर्धी, एक विक्षिप्त गुरू, आणि पणाला लागलेलं असं काही, जे गमावून चालणारच नाही. शेवट काय होणार हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं, तरी आपण खुर्चीच्या कडेवर येऊन बसतो. कारण असा चित्रपट दोन गोष्टींची चेष्टा कधीच करत नाही: पात्रांची गरज आणि खेळाचा नियम.

रॉसन मार्शल थर्बर यांचा ‘डॉजबॉल’ (२००४) घ्या. हा खेळ म्हणजे आपल्या आबाधुबीचा सख्खा भाऊ. एक पडीक व्यायामशाळा वाचवायला ५० हजार डॉलर हवे असतात, म्हणून तिथले हौशी मेंबर स्पर्धेत उतरतात. चेंडू चुकवायला शिकवण्यासाठी त्यांचा म्हातारा गुरू त्यांना लोखंडी पाने फेकून मारतो. यापरता खुळेपणा तो कोणता? पण अंतिम सामन्याचा निर्णायक क्षण पाहा. नायकाला चेंडू लागलेला असतो, सामना गेल्यात जमा असतो, आणि मग लक्षात येतं की फेकताना खलनायकाचा पाय रेषेपलीकडे गेला होता. ती फेक अवैध ठरते आणि डाव पुन्हा उभा राहतो.

हाच क्षण तीन वर्षं आधी आशुतोष गोवारीकरांच्या ‘लगान’मध्ये येऊन गेला होता. ‘लगान’ला कुणी खुळा चित्रपट म्हणणार नाही. दुष्काळ, सारा आणि अस्पृश्यता हे त्याचे विषय. पण इंग्रजांविरुद्ध खेळणारा त्यातला चांपानेर गावचा संघ या विनोदी घराण्यातलाच आहे. कोंबड्या पकडून पकडून हात चपळ झालेला भूरा, गोफण फिरवल्यासारखा चेंडू टाकणारा गोली, गोलंदाजासमोर अंगात आल्यासारखा ओरडणारा गुरन. शेवटच्या चेंडूवर पाच धावा हव्यात आणि कचराला निघते एकच. सगळं संपलं असं वाटत असताना पंचाचा नो-बॉलचा इशारा दिसतो. पुढच्या चेंडूवर नायक भुवनचा उंच फटका कॅप्टन रसेल झेलतो खरा, पण तेव्हा तो सीमारेषेच्या बाहेर उभा असतो. इंग्रज पंच इंग्रज कप्तानाविरुद्ध षटकार देतो. थिएटरात लोक उभे राहिले ते त्या न्यायासाठीही. ज्याच्या हाती सत्ता, त्यालाही रेषा ओलांडता आली नाही.

स्टीफन चाउ यांच्या ‘शाओलिन सॉकर’मध्ये (२००१) चेंडूला आग लागते, माणसं हवेत उडतात, पण संघात पुरेसे खेळाडू उरले नाहीत तर सामना सोडावा लागेल, हा नियम तिथेही अटळ राहतो आणि त्यातूनच शेवटची रंगत येते. ‘कूल रनिंग्ज’ (१९९३) हा तर बर्फ न पाहिलेल्या जमैकाच्या बॉबस्ले संघावरचा चित्रपट. १९८८च्या कॅलगरी ऑलिंपिकमध्ये त्यांची घसरगाडी खरोखरच उलटली होती. चित्रपटाने बाकी पुष्कळ स्वातंत्र्य घेतलं, पण निकालाला हात लावला नाही. गाडी खांद्यावर घेऊन रेषा पार करणारे ते चौघे हरूनही आपले होतात.

मराठीला हे रसायन नवं नाही. पार्ले टिळक विद्यालयाचे विद्यार्थी पु. ल. देशपांडे यांनी ‘गुळाचा गणपती’मध्ये (१९५३) जगाने बावळट ठरवलेला नाऱ्या स्वतः रंगवला. कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन, सगळं त्यांचंच. ‘अशी ही बनवाबनवी’त (१९८८) साड्या नेसून वावरणारे मित्र पोट दुखेपर्यंत हसवतात, पण पुण्यात डोक्यावर छप्पर मिळवण्याची त्यांची निकड शंभर नंबरी खरी आहे. नागराज मंजुळे यांच्या हिंदी ‘झुंड’मध्ये (२०२२) नागपूरच्या वस्तीतली पोरं कॉलेजच्या संघाशी फुटबॉल खेळतात, तो भाग धमाल आहे आणि त्याच हसण्यातून पुढचं गांभीर्य उगवतं. मंगेश कंठाळे यांच्या ‘सूर सपाटा’ने (२०१९) शाळकरी पोरांची कबड्डी पडद्यावर आणली.

तरीही असे मराठी खेळपट बोटांवर मोजण्याइतकेच, याची मला मनापासून खंत वाटते. आपल्याकडे खो-खो आहे, हुलकावणीवर उभ्या असलेल्या आट्यापाट्या आहेत, सात ठिकऱ्या रचता रचता पाठीत चेंडू खायची लगोरी आहे. एखाद्या मल्लाच्या वा खेळाडूच्या गौरवगाथेसाठी पैसा उभा राहतो, तर पुनर्विकासात ज्यांचं आवार वाहनतळ होणार आहे अशा पार्लेकरांच्या लगोरी संघासाठी का राहू नये? त्यात सत्तरीचे आजोबा असू देत, डबेवाल्या ताई असू देत, कुणी उलटं पळणारा असू दे. दिग्दर्शकाने हवा तेवढा वेडेपणा करावा. फक्त आवार वाचवण्याची त्यांची ओढ खरी ठेवावी, आणि सातवी ठिकरी पडली तर ती पडलीच म्हणावी. दुबळ्याला जगात क्वचितच समान नियम मिळतात. ते मिळाले तर तो काय करून दाखवेल, हे दोन तास हसत हसत पाहायला मिळणं ही करमणुकीने समाजाला दिलेली फार मोलाची गोष्ट आहे.