चंद्र आधी पाहा, मग काढा

(लेखमाला : वर्गातलं आकाश, भाग 6)

चिंचवडमध्ये संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ लहान मुलालाही ठाऊक असते. मोरया गोसावींच्या समाधी मंदिरात दर्शनाची रांग, घरी उपास सोडायची गडबड आणि आजीचा हुकूम : 'जा, गच्चीवर जाऊन चंद्र दिसतोय का बघून ये.' महिन्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, पूर्वेकडे तोंड करून आकाश पाहायचा हा तास कुठल्याच शाळेच्या वेळापत्रकात नाही, तरी इथल्या कितीतरी मुलांना तो आपसूक मिळतो.

हेच मूल चित्रकलेच्या तासाला चंद्र काढतं तेव्हा कागदावर काय येतं? उभी, बारीक कोर आणि कोरीच्या पोटात एक पाच टोकांची चांदणी. संकष्टीचा चंद्र असा कधीच नसतो. पौर्णिमेनंतर तीन-चार दिवसांनी तो साधारण साडेआठ ते दहाच्या दरम्यान उगवतो, बराचसा गोल असतो आणि उगवताना त्याची वरची कड किंचित झिजलेली दिसते. कोरीच्या पोटातली चांदणी तर अशक्यच आहे. तिथे रिकामं आकाश नसतं, चंद्राचाच अंधारातला भाग असतो, आणि तारे त्याच्या कितीतरी पलीकडे असतात. कोर उभी असते हेही आपल्याकडे सरसकट खरं नाही. माघ-फाल्गुनात द्वितीया-तृतीयेला सूर्यास्तानंतर पश्चिमेला पाहा, कोर होडीसारखी जवळजवळ आडवी असते. उभी कोर उत्तरेकडच्या थंड देशांतल्या चित्रपुस्तकांतून आपल्या वह्यांत आली.

मुलाचा यात काही दोष नाही. 'चंद्र काढ' असं आपण सांगतो, 'चंद्र पाहून काढ' असं सांगत नाही. विज्ञानाच्या तासाला चित्र म्हणजे सजावट, रंगवून झालं की भिंतीवर लावायचं, अशीच आपली समजूत आहे. ती मला मुळातूनच चुकीची वाटते. चित्र काढणं ही निरीक्षणाची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात स्वस्त पद्धत आहे. जे काढायचं ते नीट पाहावंच लागतं.

याचा सगळ्यात मोठा दाखला गॅलिलिओचा. 1609 साली इंग्लंडमध्ये थॉमस हॅरियटने त्याच्या काही महिने आधी दुर्बिणीतून चंद्र पाहिला होता आणि चित्रही काढलं होतं. पण त्याच्या चित्रात उजेड-अंधाराची एक वेडीवाकडी रेघ आणि थोडे डाग, एवढंच आहे. गॅलिलिओचा चित्रकलेचा अभ्यास होता, छायाप्रकाशाने उंचसखलपणा कसा दाखवतात हे त्याला माहीत होतं. त्यामुळे त्या रेघेपाशी दिसणारे काळे-पांढरे ठिपके म्हणजे डोंगर आणि खड्डे आहेत, उन्हात उजळलेली शिखरं आणि त्यांच्या सावल्या आहेत, हे त्याने ओळखलं. 1610 च्या मार्चमध्ये त्याचं पुस्तक चित्रांसह छापून आलं. त्यानंतर हॅरियटच्याही चित्रांत खड्डे दिसू लागले. दुर्बीण दोघांकडे होती. चित्रकाराची नजर एकाकडेच होती.

हा धडा तिसरी-चौथीच्या वर्गात अर्ध्या तासात करता येतो. एका परातीत दोन बोटं उंचीचा बारीक वाळूचा थर द्या, वर पांढऱ्या रांगोळीचा पातळ थर चाळून पसरा. मुलांना वेगवेगळ्या उंचीवरून गोट्या आणि खडे टाकू द्या. खड्डे पडतात, कडेला वर्तुळाकार बांध उभा राहतो, खालची वाळू पांढऱ्यावर फवारल्यासारखी उडते. मग खिडक्या बंद करून टॉर्च आधी बरोबर वरून धरा. खड्डे जवळजवळ नाहीसे होतात. आता टॉर्च परातीच्या कडेला आडवा धरा. एकेक खड्डा सावलीने भरतो आणि वर्गात आवाज उठतो. पौर्णिमेला चंद्र सपाट का दिसतो आणि अष्टमीला दुर्बिणीतून इतका खडबडीत का दिसतो, याचं उत्तर मुलांना तिथेच मिळतं. मग कोळसा किंवा मऊ पेन्सिल हातात द्या आणि परातीचं चित्र काढायला सांगा. ते चित्र विज्ञानाच्या वहीत ठेवा.

याच्या जोडीला चंद्राची वही करावी. चाळीस पानी वही पुरे. प्रत्येक पानावर एक वाटी ठेवून गोल काढायचा, शेजारी तारीख, तिथी आणि पाहिल्याची वेळ लिहायची. दिसला तेवढा भाग कोरा ठेवायचा, उरलेला काळा करायचा. खाली समोरची इमारत, पाण्याची टाकी किंवा मोबाइलचा टॉवर काढायचा, म्हणजे चंद्र आकाशात कुठे होता तेही कळतं. ढग असतील तर 'ढग' असं लिहायचं. उगाच चंद्र काढायचा नाही. हा शेवटचा नियम मला सगळ्यात मोलाचा वाटतो. न दिसलेलं न लिहिणं, विज्ञान इथून सुरू होतं. दोन महिने वही चालली की चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो हे मुलं आपलं आपण सांगतात. सकाळी शाळेला निघताना पश्चिमेला दिसणारा फिकट चंद्रही त्यांना सापडतो, आणि 'चंद्र रात्रीच असतो' हे वाक्य कायमचं पुसलं जातं.

आता सूर्यमालेच्या प्रकल्पाबद्दल. पाचवीच्या परिसर अभ्यासात सूर्यमाला पहिल्याच पाठात आहे, आणि तिथून स्टेशनरीच्या दुकानातला थर्माकोलचा तयार संच घरी येतो. रंगवतात आई-बाबा, आणि नाव लागतं मुलाचं. तारेवर ओळीने टोचलेले आठ गोळे पाहून मूल जे शिकतं ते बहुतेक चुकीचंच असतं : ग्रह जवळजवळ एकाच मापाचे आहेत आणि एकमेकांना खेटून आहेत.

भोसरी-चाकणच्या पट्ट्यात तर याहून चांगलं सामान फुकट मिळतं. कारखान्यांतून निघालेले पुठ्ठ्याचे जाड खोके, फोमचे तुकडे, बेअरिंगचे छर्रे. एक सेंटिमीटरचा छर्रा म्हणजे पृथ्वी धरा. मग चंद्र मोठ्या मोहरीएवढा होतो आणि त्याची जागा तीस सेंटिमीटरवर येते. म्हणजे मुलाच्या दप्तरातल्या फूटपट्टीच्या एका टोकाला पृथ्वी, दुसऱ्या टोकाला चंद्र. गुरू अकरा सेंटिमीटरचा, पुठ्ठ्याची चकती कापून रंगवावी. सूर्य 109 सेंटिमीटरचा, तो मैदानावर सुतळी आणि खडूने आखावा. आता चालायला लागा. बुध 45 मीटरवर, पृथ्वी 117 मीटरवर, म्हणजे बऱ्याच शाळांच्या फाटकाबाहेरच. गुरू सहाशे मीटरच्या पुढे. नेपच्यून साडेतीन किलोमीटरवर : सूर्य पिंपरीत महापालिका भवनापाशी ठेवला तर नेपच्यून पार निगडीच्या आसपास. आणि सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा याच मापाने 31 हजार किलोमीटरवर, म्हणजे पृथ्वीला पाऊण फेरी मारूनही थोडा पुढे. गुरूपर्यंत मुलांना खरंच चालवत न्या. पाय दुखल्यावर जे कळतं ते तक्त्यावरून कळत नाही.

यासाठी लागणारी माणसं आणि जागा आपल्या जवळ आहेत. चिंचवडला महापालिकेचं सायन्स पार्क 2013 पासून आहे, आता तिथे तारांगणही आहे. पुण्यात आयुकामध्ये शाळकरी मुलांसाठी व्याख्यानं होतात. तिथली मुक्तांगण विज्ञान शोधिका पुलंच्या प्रतिष्ठानाच्या मदतीतून उभी राहिली आणि अरविंद गुप्तांनी तिथे टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी केली. चाकणहून नाशिक रस्त्याने नारायणगाव गाठलं की जवळच खोडद आहे. तिथे आणि आसपासच्या पंचवीस किलोमीटरच्या परिसरात 45 मीटर व्यासाच्या तीस रेडिओ दुर्बिणी पसरल्या आहेत. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे शाळांचे प्रकल्प मांडले जातात. त्या जाळीदार दुर्बिणी पाहून आलेल्या मुलांना खराट्याच्या काड्या आणि मच्छरदाणीची जाळी द्यावी. इतक्या मोठ्या तबकडीला पत्रा न लावता जाळी का लावली, हा प्रश्न हात चालू असताना आपोआप येतो. वारा जाळीतून निघून जातो आणि लांब रेडिओलहरी मात्र परततात, हे उत्तरही मग पटकन पोचतं.

प्रदर्शनांच्या परीक्षकांना माझी एक विनंती आहे. प्रकल्पाच्या चकचकाटाला गुण देऊ नका. मुलाला विचारा, 'हे तू कधी पाहिलंस?' आणि चुरगळलेली, अर्धी 'ढग' लिहिलेली वही दाखवणाऱ्या मुलाला पहिला क्रमांक द्या.

पुढच्या भागात सावलीचा अभ्यास. आपल्याकडे सूर्य डोक्यावर बारा वाजता येत नाही, साडेबाराच्या आगेमागे येतो. तो का, हे मैदानावर मोजून पाहायचं आहे. त्यासाठी एक मीटरची सरळ काठी, खडू आणि मोजपट्टी तयार ठेवा.