छापील कपड्यांबद्दलचे गैरसमज

बाजारात ‘थ्रीडी’ म्हणून खपणाऱ्या चादरींचा थ्रीडी प्रिंटिंगशी काही संबंध नाही. त्यांवरचा गुलाब उठून दिसतो तो रंगछटांमुळे. कापड नेहमीसारखंच विणलेलं असतं. थ्रीडी प्रिंटिंगमध्ये बहुतेक वेळा कापडच नसतं. संगणकातल्या आराखड्याबरहुकूम यंत्र प्लास्टिकचे पातळ थर एकावर एक चढवतं आणि वस्तू घडते. बिनशिवणीचा स्वेटरही छापलेला नसतो. जपानच्या शिमा सेइकी कंपनीने १९९५ मध्ये आणलेलं यंत्र तो सुयांनी विणतं.

सर्वांत पक्का समज असा, की छापील कपडा म्हणजे अंगावर चढवलेलं चिलखत. आयरिस व्हॅन हर्पेन या डच डिझायनरने २०१० मध्ये ॲम्स्टरडॅमच्या रॅम्पवर आणलेला छापील टॉप खरोखरच ताठ होता. पण सुती कापड तरी मऊ का लागतं? त्यातला धागा धाग्यावर सरकतो म्हणून. तशी हालचाल टणक प्लास्टिकमध्येही आणता येते, रचनेच्या जोरावर. अमेरिकेतल्या नर्व्हस सिस्टिम या स्टुडिओने २०१४ मध्ये ती आणून दाखवली. त्यांच्या ‘कायनेमॅटिक्स’ ड्रेसमध्ये २,२७९ त्रिकोणी तुकडे आणि त्यांना जोडणाऱ्या ३,३१६ बिजागऱ्या आहेत. एकेक तुकडा कडक, पण ड्रेस घातल्यावर पायांभोवती झुलतो.

तो छापला कसा, हे तर त्याहून विलक्षण. पसरलेला ड्रेस यंत्रात मावणारा नव्हता, म्हणून संगणकातच त्याची घडी घातली आणि ती घडीच छापायला दिली. नायलॉनच्या भुकटीचा पातळ थर पसरायचा, लेझरने हवा तेवढाच भाग वितळवून सांधायचा, मग पुढचा थर. जवळपास दोन दिवसांनी बाहेर आला तो भुकटीचा पांढरा ठोकळा. तो हाताने उकरत, झटकत गेल्यावर आतून ड्रेस उलगडला, सगळ्या बिजागऱ्या जागच्या जागी जोडलेल्या. पुढे न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने तो आपल्या संग्रहात घेतला. मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते माप. अंगाच्या थ्रीडी स्कॅनवरून असा ड्रेस त्या एकाच व्यक्तीसाठी बेतता येतो. स्मॉल, मीडियम, लार्जच्या साच्यात कुणाला कोंबावं लागत नाही.

‘बटण दाबलं की शर्ट हातात’ हे मात्र अजून दूर आहे. इस्रायलच्या दानित पेलेगने २०१५ मध्ये पदवीसाठी घरगुती प्रिंटरवर, लवचीक फिलॅमेंट (प्लास्टिकची तार) वापरून पाच पोशाख छापले. त्यांना २,००० तासांहून जास्त लागले.

कचरा शून्य, हाही अर्धाच खरा दावा. कापड बेतताना पडणाऱ्या चिंध्या इथे पडत नाहीत, हे कबूल. पण न वितळलेली भुकटी यंत्रातल्या उष्णतेने खराब होत जाते. पुन्हा वापरायची तर तिच्यात ताजी मिसळावी लागते आणि काही टाकूनच द्यावी लागते. फिलॅमेंटच्या प्रिंटरवर पडू पाहणाऱ्या भागांना आधार छापावे लागतात, ते शेवटी तोडून फेकायचे. शिवाय नायलॉन कुजत नाही. पर्यावरणाच्या नावाने जाहिराती करणाऱ्यांनी हे सांगायला हवं.

थ्रीडी छपाईमुळे विणकर-शिंप्यांचं काम जाईल का? रोजच्या कपड्यांपुरतं तरी तसं दिसत नाही. छपाईतलं नायलॉन घाम जवळजवळ शोषत नाही आणि १८० अंशांच्या आसपास वितळतं. सुती कपड्याची कडक इस्त्री त्याला चालणार नाही. हे तंत्र कारखान्यात रुजलं ते बुटांत. आदिदासने २०१७ मध्ये कार्बन या कंपनीबरोबर ‘फ्युचरक्राफ्ट फोर-डी’ आणला. त्याच्या तळव्याचा मधला थर द्रव रेझिन प्रकाशाने घट्ट करून घडवतात. तो जाळीदार असतो, आणि टाचेखालची जाळी चवड्याखालच्या जाळीपेक्षा वेगळी ठेवता येते. साच्यात ओतलेल्या एकसंध फोममध्ये हे जमत नाही.